सेंच्युरियन रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल, १/३५ प्रमाणात: ट्रॅक (चाकांवरचा पट्टा) तुटला, डेकल (पाण्यानं चिकटवायच्या छापील खुणा) पुरात गेले, रंग पांढरा पडला. पुढे कसं न्यावं?

बडोदे_लॅब

नमस्कार मंडळी.

मी बडोद्याची. डेंटल लॅबमध्ये काम करते. कवळ्या, क्राउन, दात सरळ करायच्या प्लेटी, सगळं आमच्याकडे होतं. मॉडेलिंगचा नाद त्या कामातूनच लागला. आतापर्यंत विमानं केली. रणगाडा हा पहिलाच.

किट ब्रिटिश सेंच्युरियनचं, १/३५, जुनं जपानी. पुण्यातल्या परिचितांच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडून होतं, त्यांनी मला देऊन टाकलं. मी ते घेतलं ते सासऱ्यांसाठी. अप्पा ई.एम.ई.मध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत होते आणि उमेदीची वर्षं त्यांनी एका सेंच्युरियन रेजिमेंटच्या एलएडीत काढली. एलएडी म्हणजे रेजिमेंटबरोबरच फिरणारी दुरुस्तीची तुकडी. गाडी बंद पडली, पट्टा निघाला, इंजिन गेलं की बोलावणं यांना. रेजिमेंट कुठली ते लिहीत नाही, त्यांना ते नको आहे. पुढे इथल्या ई.एम.ई. स्कूलला बदली झाली, निवृत्तीनंतर बडोदं सोडावंसं वाटलं नाही, आणि आम्ही इथले झालो.

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना अगदी बारीकसुद्धा दिसतं. रोज संध्याकाळी टेबलापाशी खुर्ची ओढून बसतात आणि एकेक भाग हातात घेऊन बघतात. मला हा रणगाडा त्यांच्या आठवणीतल्यासारखा पुरा करायचा आहे, आणि १६ डिसेंबरच्या आत. ती तारीख त्यांच्यासाठी का महत्त्वाची ते इथे सांगायला नको.

आता अडचणी.

जुन्या किटमध्ये ट्रॅक व्हिनाइलचा असतो, रबरासारखा, हे तुम्हाला माहीत आहेच. हा इतकी वर्षं डब्यात चाकांच्या फ्रेमवर पडून राहिला. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर आलं आणि चाकांचं पॉलिस्टायरीन त्यानं खाल्लं. चार चाकांच्या कडा वितळून चिकट झालेल्या. ट्रॅक स्वतः मात्र कडक आणि ठिसूळ. डावा जोडताना दोन ठिकाणी तुटला, उजव्याला भेगा आहेत.

चाकांचं मी बघून घेतलं. ते सविस्तर लिहिते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. चांगलं एक चाक घेतलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं. दातांचं माप घ्यायचं सिलिकॉन दोन प्रकारचं असतं: पातळ लाइट बॉडी आणि कणकेसारखी पुट्टी. आधी लाइट बॉडी सिरिंजनं चाकाच्या खाचांत भरली, बोल्टच्या डोक्यांभोवती विशेष सावकाश, म्हणजे हवा अडकत नाही. वरून पुट्टी दाबली. पुट्टी मळताना लॅटेक्सचे हातमोजे घालायचे नाहीत. लॅटेक्समधल्या गंधकामुळे हे सिलिकॉन सेटच होत नाही. अर्धा साचा झाला की त्याच्या कडेला व्हॅसलीनचा हलका हात, कारण सिलिकॉन सिलिकॉनला धरतं, मग दुसरा अर्धा. साच्यात कोल्ड क्युअर ॲक्रिलिक, प्लेटी बनवताना भरतो तसंच: पावडर शिंपडायची, वर लिक्विडचा थेंब, पुन्हा पावडर, पुन्हा थेंब. साचा बंद करून प्रेशर पॉटमध्ये कोमट पाण्यात ठेवला, म्हणजे आत बुडबुडे राहत नाहीत. चाकं रुपयाच्या नाण्याएवढी आणि गुलाबी निघाली, कारण कवळीच्या हिरड्यांची पावडरच हाताशी होती. बोल्टची डोकीसुद्धा स्वच्छ आली. ॲक्रिलिक सेट होताना जरासं आकसतं, म्हणून ही चाकं मूळ चाकांपेक्षा केसभर लहान आहेत. सेंच्युरियनला चाकं जोडीजोडीनं असतात, एक बाहेर, एक आत. तेव्हा ही चारही आतल्या बाजूला लावली. अप्पांनी गुलाबी चाक बोटांत फिरवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "रबर झिजलेली चाकं आम्हीही आतच टाकायचो."

आता जे मला जमत नाहीये ते.

डेकल २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात गेले. विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा खोका तळमजल्यावरच्या कपाटात होता. प्लास्टिकला पाण्यानं काय होतंय! पण डेकलचा कागद भिजून सगळी अक्षरं सुटली आणि एकमेकांत गुंडाळली गेली. तशी ती ब्रिटिश खुणांची होती. मला हवा आहे आपल्या लष्करी गाडीचा क्रमांक, वर तोंड केलेल्या बाणासकट. क्रमांक अप्पांना तोंडपाठ आहे.

आणि रंग. स्प्रे लॅकरचा, गडद हिरवा. ऊन बघून अगाशीवर मारला, सुकता सुकता आभाळ भरून आलं, हवा दमट झाली, आणि हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या मुख्य धडाच्या, वरच्या बाजूला पांढुरकी झाक आली. टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, त्या वेळी खाली घरात होता म्हणून वाचला.

तर ट्रॅक वाचवता येईल का? रंग उतरवू की त्यावरच काही उपाय आहे? आणि क्रमांक हातानं लिहायचा तर कसा?

---

पस्तीसपट_पुणे

ताई, आधी रंगाचं बोलतो, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती त्याची दिसते आणि सगळ्यात सोपं तेच आहे.

लॅकर सुकताना थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतला दमटपणा त्यावर धरतो. तो लॅकरमध्ये अडकला की दिसायला पांढरं. फर्निचरला पॉलिश मारणाऱ्यांना हे पावसाळ्यात नेहमी भेटतं. ते वरून रिटार्डर घातलेल्या थिनरचा एक हलका हात देतात, थर पुन्हा थोडा सैल होतो, पाणी निघून जातं. तुम्ही ते मॉडेलवर नका करू. प्लास्टिक बारीक आहे, खालचे बारीक तपशील बुजतील. त्यापेक्षा कोरडं ऊन पडेपर्यंत थांबा आणि त्याच हिरव्याचा अगदी विरळ थर लांबून द्या. किंवा ग्लॉस वार्निशचा हात. बहुतेक वेळा झाक त्याखाली नाहीशी होते, कारण ती वरच्या खरबरीत थरावर प्रकाश विखुरल्यामुळे दिसते. पोटाखाली, जिथे कुणी बघणार नाही, तिथे आधी करून पाहा. रंग उतरवायचा विचार मनातून काढा. लॅकर उतरवायला जे लागतं ते पॉलिस्टायरीनलाही सोडत नाही.

स्प्रे मारायच्या आधी डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवत जा. उकळत्या पाण्यात कधीच नाही. सकाळी उशिरा ते दुपार ही वेळ धरा आणि रंगवलेला भाग लगेच बंद खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

ट्रॅकचं: तुमच्या मॉडेलची चाकं फिरायची गरज नाही ना? मग ट्रॅक ताणून, जोडून, गोल फिरवायच्या फंदातच पडू नका. गरम पाण्यात बुडवा (चहाला ठेवतो तितकं गरम पुरे), व्हिनाइल थोड्या वेळापुरतं मऊ होतं. त्या वेळात जिथे बसवायचा तिथे वाकवून बसवा आणि चाकांना सायनोॲक्रिलेटनं (झटपट चिकटणारा डिंक) पक्का चिकटवा. तुकड्यात बसला तरी चालेल, सांधा खालच्या बाजूला, जमिनीवर टेकतो तिथे घ्या. सेंच्युरियनला बाजूच्या प्लेटी आहेत, बझूका प्लेटी. वरचा अर्धा ट्रॅक त्यांच्यामागे जातो. निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

एक मात्र पाळा: चाकांच्या कडांवर रंगाचे दोन थर पूर्ण सुकू द्या आणि मगच व्हिनाइल लावा. नाहीतर पाच-सात वर्षांनी उरलेली चाकंही तशीच वितळतील.

---

नगरी_चिलखत

मी नगरचा. कॅव्हलरी टँक म्युझियम आमच्या गावात आहे, १९९४ पासून, आणि लहानपणापासून मी तिथे किती वेळा गेलो त्याला गणती नाही. सेंच्युरियनपाशी माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. म्हणून थोडं जवळून सांगतो, किटमध्ये जे सहसा येत नाही ते.

टरेटच्या बाजू ओतीव पोलादाच्या आहेत, छत मात्र वेल्ड करून बसवलेल्या प्लेटीचं. हात फिरवला तर दोन्हींतला फरक कळतो: बाजूला खडबडीत, दाणेदार, वर सपाट. किटमध्ये सगळंच गुळगुळीत असतं. मॉडेलिंग पुट्टी थोड्या थिनरमध्ये सैल करा आणि जुन्या राठ ब्रशनं टोचत टोचत बाजूंवर लावा, सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरचा एकच हात. छताला हात लावू नका. तुमचा टरेट अजून रंगवलेला नाही असं धरतो.

तोफ २० पाउंडर, कॅलिबर सुमारे ८४ मिमी. म्हणजे १/३५ मध्ये तोंड जेमतेम २.४ मिमी. जुन्या किटमध्ये ते अर्धवट बुजलेलं असतं. तुमच्याकडे दात कोरायचे बारीक बर असतील, ते उघडायला तुमच्याइतकं साधन आमच्यापैकी कुणाकडे नाही. आणि सासऱ्यांना एवढं विचारा: नळीच्या मधोमध फुगवटा होता का? २० पाउंडरच्या नळ्या दोन प्रकारच्या. नंतरच्या प्रकाराला तोफेचा धूर आत न येता बाहेर ओढला जावा म्हणून तो फुगवटा दिला. जुनं किट असेल तर बहुधा बिनफुगवट्याची नळी असेल.

तुम्ही १६ डिसेंबरचा उल्लेख केलात. मी दोन तारखा एकत्र सांगतो, कारण सेंच्युरियन बनवणाऱ्या प्रत्येकानं त्या लक्षात ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, पूना हॉर्स. ११ सप्टेंबर १९६५ पासून फिलोरा आणि पुढे चविंडाच्या लढाईत रेजिमेंटच्या अग्रभागी, १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, तेच पूना हॉर्स, बसंतरची लढाई, १६ डिसेंबर १९७१, वय एकवीस. त्यांच्या रणगाड्याचं नाव 'फमागुस्ता'. गाडी पेटलेली असताना बाहेर पडायचा हुकूम आला तरी तोफ चालते आहे तोवर हटायला ते तयार झाले नाहीत. दोघांनाही परमवीर चक्र, दोघेही सेंच्युरियनवर. खेत्रपाल तर पुण्यात जन्मलेला मुलगा. म्युझियममध्ये त्या गाडीच्या उंचीकडे मान वर करून बघताना आत चौघांना किती कमी जागा असेल हे पहिल्यांदा जाणवतं.

---

फक्त_वाचक

इतकं सगळं करण्यापेक्षा नवीन सेंच्युरियनचं किट घ्या की. आता ट्रॅकच्या कड्या सुट्या मिळतात, थ्रीडी प्रिंट केलेल्याही मिळतात. वेळ आणि डोकं दोन्ही वाचेल. जुन्या किटवर मेहनत घेऊन नव्याची सर येत नाही असं माझं मत.

---

बडोदे_लॅब

सगळ्यांचे आभार, विशेषतः नगरकरांचे. अप्पांना तुमचा मजकूर मी मोठ्यानं वाचून दाखवला. दोन तारखांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

नव्या किटबद्दल: माझी मेहनत जुन्या प्लास्टिकसाठी चाललेली नाही. पण या किटच्या प्रत्येक भागावर अप्पांचा हात फिरला आहे. स्प्रॉकेट, म्हणजे ट्रॅक ओढणारं दातेरी चाक, मागे आहे हे पाहून ते म्हणाले, "बरोबर, ओढ मागून." तीन-तीन स्प्रिंगांचे संच दोन्ही बाजूंना आहेत ते मोजले. इंजिनाच्या झाकणांवर बोट ठेवून कुठलं झाकण उघडल्यावर काय दिसतं ते सांगितलं: मीटिओर, बारा सिलिंडर, २७ लिटर, पेट्रोलवर चालणारं, विमानाच्या मर्लिन इंजिनाचं सुपरचार्जर नसलेलं भावंड. बॅटऱ्या चार्ज करायला शेजारी छोटं मॉरिसचं इंजिन वेगळं. हे सगळं झाल्यावर हे मॉडेल कपाटात सारून दुसरं मागवणं मला जमणार नाही. हेच पुरं करायचं आहे.

पण बझूका प्लेटींचा तोडगा मात्र त्यांनी मान्य केला नाही. त्यांच्या आठवणीत शेतातला चिखल प्लेटींच्या आत साचून घट्ट व्हायचा, म्हणून पुष्कळदा मधली प्लेट काढलेली असायची, आणि ती गाडीही तशीच होती. ऑस्ट्रेलियन लोकांनी व्हिएतनाममध्ये याच कारणानं प्लेटी काढल्या होत्या असं मी वाचलं आहे, तेव्हा त्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणजे मधला वरचा ट्रॅक उघडा दिसणार, आणि तिथेच एक तुकडा पडलेला आहे.

नळीला फुगवटा होता, असं ते ठामपणे सांगतात.

आणखी एक: काल हल उलटसुलट करून बघता बघता त्यांनी विचारलं, "मागचा टेलिफोन कुठे आहे?" हलच्या मागच्या प्लेटवर एक पेटी असे, तिच्यातल्या फोनवरून पायदळाचा माणूस आतल्या क्रूशी बोलायचा. मी किटच्या भागांच्या सगळ्या फ्रेम धुंडाळल्या, तो भाग सापडला नाही. तो मी प्लास्टिक शीटचा बनवते.

क्रमांकाबद्दल अजून कुणी बोललं नाही. जाणकार असतील तर सांगा.

---

शिलाछाप

बडोद्याचीच, मांडवीत राहते. फाइन आर्ट्सला शिकले, पोटापाण्यासाठी बोर्ड आणि अक्षरं रंगवते. मॉडेलमधलं मला काही कळत नाही, पण लहान अक्षरांचं सांगू शकते.

तुम्हाला बाण आणि आकडे दोन-तीन मिलिमीटर उंचीचे हवे असतील. ब्रशनं अक्षर "काढायला" गेलात तर रेघ जाड होणार. उलट करा. आधी पांढऱ्याचा पातळ चौकोन द्या, आकड्यांच्या उंचीचा, थोडा रुंदच. तो सुकला की आकड्यांच्या मधल्या आणि आतल्या जागा गाडीच्या हिरव्यानं भरत जा. डोळ्याला जी जागा भरायची ती दिसते आणि आकड्याची कड आपोआप तीक्ष्ण येते. शून्य, सहा, आठ यांची पोटं हिरव्याच्या एका ठिपक्यानं होतात. पांढरा ॲक्रिलिक रंग घ्या म्हणजे खालच्या लॅकरला धक्का लागत नाही, आणि चूक झाली तर ओलसर टूथपिकनं निघतो. मॉडेल हातात धरू नका. उशीसारख्या कशावर टेकवा, मनगट टेबलावर, आणि अक्षराची दिशा सोयीची नसेल तर मॉडेल फिरवा, हात नाही.

एक गोष्ट विचारून घ्या: तो क्रमांक त्या काळी स्टेन्सिलनं मारलेला होता की हातानं? स्टेन्सिलचा असेल तर आकड्यांत बारीक फटी असतात, आणि त्या दाखवल्याशिवाय ते खरं दिसणार नाही.

---

पस्तीसपट_पुणे

@बडोदे_लॅब, मधली प्लेट काढायची असेल तर ऐका. तुटलेल्या तुकड्याच्या जागी आतून सहारा द्यायला हवा. पातळ प्लास्टिकची पट्टी ट्रॅकच्या आतल्या बाजूला, दोन्ही तुटलेली टोकं तिच्यावर. मग मधे जेवढी फट उरेल तेवढ्यापुरत्या ट्रॅकच्या कड्या तुम्ही तुमच्याच सिलिकॉनमध्ये का ओतत नाही? चाकं जमली तर कड्या जमतील. फट दोन-तीन कड्यांचीच असणार.

वरचा ट्रॅक सरळ ताणलेला ठेवू नका. सेंच्युरियनला वर आधाराचे रोलर आहेत, दोन रोलरच्या मधे ट्रॅक स्वतःच्या वजनानं किंचित खाली येतो. पोलादाचा पट्टा आहे तो, टनावारी वजनाचा. गरम पाण्यातून काढल्या काढल्या साध्या दोऱ्यानं त्या जागी खाली बांधा, डिंक सुकला की दोरा कापा.

---

बडोदे_लॅब

काम झालं. फोटो वर जोडले आहेत. जे झालं ते नीट लिहिते, कारण इथे मिळालेलं इथेच परत यावं.

रंग: पोटाखाली वार्निश लावून पाहिलं, झाक गेली. मग कोरडी हवा लागल्यावर वरही दिलं, आणि त्यावर हिरव्याचा विरळ थर. कडेच्या एका कोपऱ्यात थोडं पांढरं राहिलं होतं, तिथे धूळ आणि मातीचा रंग आला.

ट्रॅक: पुणेकरांनी सांगितल्याप्रमाणे कड्या ओतल्या. चाकांपेक्षा हे जड गेलं. कडीची जाडी फार कमी, आणि दोन कड्यांना जोडणाऱ्या पिना ॲक्रिलिकमध्ये टिकेनात, ट्रिम करताना बर लागला की उडायच्या. शेवटी पिनांसाठी दातांच्या तारा बांधतो ती लिगेचर वायर वापरली. कडीला आरपार भोक पाडून वायर घातली आणि कडेला कापली. अप्पा शेजारीच होते, त्यांनी भिंग पुढे सरकवलं आणि म्हणाले, "खऱ्यालाही पिनच असते. घणानं ठोकून बाहेर काढायची." ते बोलत असताना मी वायर कापत होते, आणि त्यांचा हात टेबलावर घण धरल्यासारखा झाला होता. मधली प्लेट काढली आहे. मधला वरचा ट्रॅक दिसतो, दोन रोलरच्या मधे लोंबतो, आणि त्यातल्या तीन कड्या माझ्या आहेत. फोटोत दाखवल्याशिवाय ओळखू येणार नाहीत.

व्हिनाइल लावायच्या आधी चाकांच्या कडांना रंगाचे थर दिले, तो इशारा मी विसरले नाही.

तोफेचा फुगवटा एम-सीलचा केला. नळीभोवती गुंडाळून, ओल्या बोटानं गोल करून, वाळल्यावर हॅन्डपीसमध्ये (लॅबमधलं हातात धरायचं ड्रिल) नळी धरून अगदी कमी वेगानं फिरवली आणि पॉलिश पेपर लावला. ॲक्रिलिक मुद्दाम नाही घेतलं. त्याचं लिक्विड पॉलिस्टायरीनला विरघळवतं, नळी मऊ पडून वाकली असती. हे डेंटलवाल्यांनी विशेष लक्षात ठेवा. तोंड राउंड बरनं २.४ मिमी उघडलं.

टरेटच्या बाजू खडबडीत केल्या, छत सपाट ठेवलं. नगरकर, याच्याइतका फरक बाकी कशानंच पडला नाही. त्याच्यावर काळसर वॉश (अगदी पातळ रंग) दिला तेव्हा दाणे उठून दिसले आणि टरेट एकदम जड वाटायला लागला.

ओढण्याची केबलही नवी केली, किटमधली दोरी केसाळ होती. लिगेचर वायरचे तीन पदर हॅन्डपीसच्या चकमध्ये धरले, दुसरं टोक चिमट्यात, आणि सावकाश पीळ दिला. टोकाचे डोळे किटचेच. फेंडरवर ठेवताना अप्पांनी ती दोनदा उचलायला लावली. केबल ताठ दिसत होती. वजनदार केबल हुकांमधून खाली सैल पडायला हवी, असं त्यांचं म्हणणं. वायर आचेवर जरा लाल केली, मऊ झाली, मग तशी पडली.

टेलिफोनची पेटी प्लास्टिक शीटची आहे, ८ मिमीसुद्धा उंच नाही. तिचं झाकण किंचित उघडं ठेवलं आहे. ते अप्पांनी सांगितलं.

क्रमांक: शिलाछाप ताई, तुमची युक्ती मी आधी एका जुन्या विमानाच्या पंखावर करून बघितली आणि मग गाडीवर. स्टेन्सिलचाच होता, फटी दाखवल्या आहेत. क्रमांक फोटोत झाकला आहे, राग मानू नका, तो त्यांच्यापुरता आहे. बाण मात्र दिसेल असा ठेवला.

बेस डेंटल स्टोनचा, म्हणजे दातांचे साचे ओततो त्या कडक प्लास्टरचा. दोन पट्ट्यांची माती, मधे चाकोरी, आणि कोरडं गवत म्हणून जुन्या ब्रशचे केस. पंजाबातली डिसेंबरची जमीन कशी दिसते ते मी विचारलं, त्यांनी रंगाचे डबे बघून दोन निवडून दिले.

१६ डिसेंबरच्या आधी झालं. त्या दिवशी त्यांचे इथले एक जुने सहकारी आले होते, तेही ई.एम.ई.चे. दोघांचं ताबडतोब एका गोष्टीवर जुंपलं: एक्झॉस्टची पेटी फेंडरवर आहे तिचं कव्हर कुठल्या बाजूनं उघडायचं. मी मधे पडले नाही. पण त्यामुळे एक काम उरलं आहे: ते कव्हर मी अजून डिंकानं चिकटवलेलं नाही. नगरकर, पुढच्या वेळी म्युझियममध्ये जाल तेव्हा डाव्या फेंडरवरच्या पेटीची बिजागरी कुठल्या कडेला आहे तेवढं बघाल का? फोटो मिळाला तर उत्तम.

---

नगरी_चिलखत

या रविवारी जातो. दोन्ही फेंडरचे काढतो, पुढून आणि मागून. तोवर चिकटवू नका.

तुमच्या कड्यांसाठी सिलिकॉन कुठलं घेतलंत? लाइट बॉडी की नुसती पुट्टी? माझ्याकडे एका विजयंताचा (भारतात बनलेला रणगाडा) ट्रॅक अर्धा आहे आणि मलाही तेच करायचं आहे.

---

बडोदे_लॅब

दोन्ही. कडीवर लाइट बॉडी, पाठीला पुट्टी. नुसत्या पुट्टीत कडीच्या दातांच्या खाचा नीट येत नाहीत. दोन्ही ॲडिशन सिलिकॉन एकाच कंपनीचं घ्या, मिसळ करू नका. आणि पहिला कास्ट फेकून द्यायचा आहे असं धरूनच चाला. साच्यातली धूळ आणि व्हॅसलीन त्याच्याबरोबर निघून जातं, दुसऱ्यापासून स्वच्छ येतं. पावडर पारदर्शक मिळाली तर तीच घ्या, आत बुडबुडा राहिला तर ट्रिम करायच्या आधीच दिसतो.